पुराच्या पंचनाम्यात गांजाची नोंद कोण करणार?

पूर ओसरला की तलाठी वाडीवर येतो. किती घरे पडली, किती कुडाच्या भिंती वाहून गेल्या, किती शेळ्या-कोंबड्या मेल्या, भाताची किती खाचरे गाळाने भरली, याचा पंचनामा होतो. कागदावर अंगठे घेतले जातात. शासनाने प्रत्येक नुकसानीचा दर ठरवून ठेवलेला आहे. माणूस मेला तर वारसाला ४ लाख रुपये, झोपडी गेली तर ८ हजार. परंतु ज्याची झोपडी गेली त्या माणसाच्या मनाचे काय झाले, तो रात्री झोपतो की नाही, त्याचा सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर कोणाबरोबर बसतो आणि काय ओढतो, याची नोंद घेणारा रकाना त्या पंचनाम्यात नाही. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, त्यावर उपचार नाही आणि त्याची चर्चाही नाही. म्हणूनच हा विषय आज या पानावर मांडणे भाग आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन ग्रामीण तालुके. सह्याद्रीच्या पायथ्याला वसलेले, पावसाने झोडपलेले आणि उन्हाळ्यात तहानलेले. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूरच्या भूमीवर आहेत. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला जाते आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतो. म्हणजे पाणी नसते तेव्हा ते आमच्या वाट्याला येत नाही आणि असते तेव्हा घरात शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण दरवर्षी मुंबईच्या नावाने काढली जाते. त्याच दिवशी उल्हास नदीच्या खोऱ्यात काय हाहाकार उडाला हे फारसे कोणी सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये कसाऱ्याजवळ उंबरमाळीला रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल पुराने बंद पडला. ७ जुलै २०२४ रोजी भारंगी नदीने शहापूर शहरातच घुसखोरी केली. रेल्वे किती तास बंद होती हे वर्तमानपत्रांत छापून आले. वाड्यांवरची चूल किती दिवस बंद होती हे छापून आले नाही.

निसर्ग जात पाहत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. निसर्ग पाहत नसेल, पण ज्या जागेवर माणूस राहतो ती जागा जातीने ठरवलेली आहे. ओढ्याच्या कडेला, नदीच्या काठाला, डोंगराच्या उतारावर कोणाची वस्ती असते? कातकऱ्यांची, ठाकरांची, महादेव कोळ्यांची आणि गावकुसाबाहेर ढकललेल्या आमच्या बौद्ध बांधवांची. ३० जुलै २०१४ रोजी घाटमाथ्यापलीकडे आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. माळीण आणि इर्शाळवाडी या दोन्ही वस्त्या आदिवासींच्याच होत्या. हा योगायोग नव्हे. कातकरी समाजाला सरकारने आदिम जमात म्हणून नोंदवले, परंतु त्यातील असंख्य कुटुंबांच्या पायाखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. घर वाहून गेल्यावर पंचनामा करायला आलेला माणूस विचारतो, 'घराचा उतारा दाखव.' उतारा नाही, म्हणून घर नव्हते असे ठरते. पुराने एकदा घर नेले, कागदाने दुसऱ्यांदा.

आता या परिस्थितीत नशा कशी शिरते ते पाहू. पंधरा-वीस वर्षे वकिली करताना आणि चळवळीच्या निमित्ताने वाड्यांवर फिरताना जे दिसले ते लिहितो. जुलै-ऑगस्ट हा लावणीचा काळ. खाचर गाळाने भरले की मजुरी बुडते. वीटभट्टी दिवाळीनंतर सुरू होणार, तोवर हाताला काम नाही. मग भट्टीचा मुकादम बयाणा घेऊन येतो. भर पावसाळ्यात घेतलेल्या त्या पैशापायी अख्खे कुटुंब पुढचे सहा महिने विकले जाते. घरातील बाई तांदूळ आणते, पत्रा आणते. पुरुष आणि तरुण मुले रिकामी बसतात. पाऊस जोरात आला की सगळ्यांची झोप उडते, कारण मागच्या वेळी पाणी रात्रीच शिरले होते. अशा वेळी कोणीतरी चिलीम पुढे करतो. 'दोन दम मार, झोप लागेल,' असे सांगतो. पहिल्या रात्री खरोखरच झोप लागते.

यातील फसवणूक समजून घेतली पाहिजे. गांजाने झोप लागते असे वाटते, पण काही आठवडे रोज ओढणाऱ्याने तो थांबवला की झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, चिडचिड होते, अन्न जात नाही. हे गांजा सुटतानाचे त्रास आहेत, हे डॉक्टर सांगतात. परंतु त्या बिचाऱ्याला वाटते की गांजाशिवाय आपल्याला झोपच येत नाही. म्हणजे पुराने दिलेला त्रास गांजाने झाकला आणि पुढे गांजानेच तो कायम केला. कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांना आणि भरपूर ओढणाऱ्यांना मनाचा तोल जाण्याचा, भास होण्याचा धोका अधिक असतो, हेही वैद्यकशास्त्राने दाखवलेले आहे. शाळा पुराने पंधरा दिवस बंद राहिली आणि मुलगा कायमचाच शाळेबाहेर पडला, अशा मुलाला हा धोका सर्वात जास्त.

संकटानंतर नशा वाढते हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी मॅनहॅटनच्या रहिवाशांची पाहणी झाली. सुमारे २९ टक्के लोकांनी सिगारेट, दारू किंवा गांजा यांपैकी काहीतरी वाढल्याचे सांगितले. दारू वाढवणारे जवळपास २५ टक्के होते, गांजा वाढवणारे ३ टक्क्यांच्या आसपास. ती आपत्ती मानवनिर्मित होती आणि ते शहर जगातील सर्वात श्रीमंत शहरांपैकी एक. तिथे डॉक्टर होते, विमा होता, पगार चालू होता. जिथे यातील काहीच नाही तिथे काय होत असेल याचा विचार वाचकांनीच करावा. आपल्या देशात सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. दारू पिणारे १६ कोटी होते. तेव्हा दारू हाच मोठा राक्षस आहे हे मान्य. पण दारूविरुद्ध आमच्या आयाबहिणी उभ्या राहतात, गुत्ते फोडतात. दारूचा वास येतो, दारुडा रस्त्यात पडतो, म्हणून ती दिसते. गांजाची पुडी खिशात मावते, पोरगा कोपऱ्यात गप्प बसतो आणि आईला वाटते, पोर शांत झाले.

हा माल वाडीवर पिकत नाही. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून तो येतो, शिरपूरकडच्या सातपुड्यातून येतो. मुंबई-नाशिक महामार्ग आणि मध्य रेल्वे शहापूरच्या छातीवरून जातात, कल्याण-नगर रस्ता मुरबाडमधून माळशेजला चढतो. मोठ्या शहराकडे जाणाऱ्या मालाची गळती वाटेवरच्या गावांत होणारच. आणि हा माल इकडून तिकडे नेण्यासाठी दोनशे-पाचशे रुपयांत कोण तयार होते? ज्याच्या घरात पुरानंतर चूल पेटलेली नाही तो.

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले उत्तर असे की गांजा म्हणजे देवाचा प्रसाद, साधूंची परंपरा, झाडपाल्याचे औषध, त्यात वाईट काय? जी व्यवस्था आमच्या माणसाला शाळा देत नाही, जमीन देत नाही, ती त्याला चिलीम मात्र परंपरेच्या नावाने बहाल करते. शहरातील सुशिक्षित मंडळीही गांजा मुक्त करा असे लेख लिहितात. त्यांच्या मुलांना व्यसन लागले तर खासगी समुपदेशक आहे, गाडी आहे, दुसऱ्या वर्षी परीक्षा देण्याची सोय आहे. कातकऱ्याच्या मुलाला दुसरे वर्ष मिळत नाही.

दुसरे उत्तर काठीचे. पकडा, मारा, आत टाका. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा कडक आहे आणि मोठ्या व्यापाऱ्यासाठी तो कडक असलाच पाहिजे. १ किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा, तिला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त ही व्यापारी मात्रा, तिला किमान १० वर्षे. परंतु कोर्टात उभे कोण राहते? पुड्या पोहोचवणारा आणि पुडी ओढणारा. मालाचा मालक क्वचितच दिसतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मुरबाडकडच्या तरुणाला जामीन मंजूर झाला, पण तो सुटला नाही. जामीनदार उभा करायचा तर त्याच्याकडे सातबारा हवा, रेशनकार्ड हवे. त्याच्या नातलगांत सातबारा कोणाचाच नव्हता आणि रेशनकार्ड पुरात भिजून लगदा झाले होते. ज्या गुन्ह्यात शिक्षा लागली असती तरी थोडीच लागली असती, त्यासाठी तो कागदाअभावी आत राहिला. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले आहेत की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. हा निर्देश आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

काठीच्या उत्तराचा इतिहासही ठाणे जिल्ह्याला जुना आहे. इंग्रज सरकारने १८९२ मध्ये मोहा कायदा केला आणि तो ठाणे-कुलाबा या जिल्ह्यांना लावला. मोहाची फुले गोळा करणे, साठवणे यावर बंधने आली. आदिवासींचे आरोग्य सुधारावे हा त्यामागचा हेतू नव्हता. घरची दारू बंद पडावी आणि लोकांनी कर भरलेली ठेकेदाराची दारू विकत घ्यावी, यासाठी तो उद्योग होता. जे फूल दुष्काळात अन्न म्हणून खाल्ले जाई तेच बाळगणे गुन्हा ठरले. सबब, नशाबंदीच्या नावाने येणारा प्रत्येक कायदा गरिबाच्या भल्याचाच असतो असे आपण समजू नये आणि नशा ही गरिबाची संस्कृती आहे असेही समजू नये.

या दोन टोकांच्या मधली वाट बाबासाहेबांनी दाखवलेली आहे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या विषयावर चर्चा झाली. आज राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये मादक पेयांबरोबरच आरोग्याला घातक अशा अंमली द्रव्यांच्या बंदीचे जे तत्त्व आहे, ती दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली. त्याच चर्चेत झारखंडचे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी आक्षेप घेतला. तांदळाची बियर हा आदिवासींच्या धार्मिक आणि श्रमाच्या जीवनाचा भाग आहे, भातलावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या संथाळाचा विचार करा, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्यांची टिंगल केली नाही आणि तत्त्वही सोडले नाही. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते केव्हा आणि कसे लागू करायचे हे राज्याने ठरवायचे आहे आणि आदिवासी भागांत तिथल्या लोकांच्या परिषदांचा सल्ला घेण्याची सोय आपण केलेली आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नशा आरोग्याला घातक आहे हे राज्याने मान्य करायचे, पण ती हटवताना ज्या समाजाचा प्रश्न आहे त्याला विचारायचे. काठी घेऊन जायचे नाही, हात जोडून गप्पही बसायचे नाही.

ही वाट आज कायद्यात उपलब्ध आहे आणि आमचे दुर्लक्ष हीच तिच्यातील मोठी अडचण आहे. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. म्हणजे वाडीतील बाया एकत्र बसून ठराव करू शकतात आणि तो ठराव कायद्याच्या बळावर उभा राहतो. गांजाबंदीचा कायदा तर आधीच आहे. ग्रामसभेने त्यात भर घालायची ती माहितीची आणि देखरेखीची. पुडी कोण आणतो हे पोलिसांपेक्षा वाडीला आधी कळते. नाव एकट्या बाईने सांगितले तर तिला धोका, पण ठराव सगळ्या ग्रामसभेचा असला तर एकटीला धोका नाही.

अंमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. ज्या व्यसनी माणसावर केवळ सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे, तो स्वतःहून शासनमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे आणि तो हक्क आहे हे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कायद्याच्या भाषेत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे नसतील तर नुसती पाने आणि बिया गांजा ठरत नाहीत. सगळे झाड मुळासकट तोलून वजन फुगवले असेल तर तो मुद्दा वकिलाने मांडलाच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने अशा मुद्द्यावर जामीन दिल्याची उदाहरणे आहेत.

वकील कोठून आणायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोठडीतील माणूस आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेला माणूस, या सर्वांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पूरग्रस्त कातकरी तरुण कोठडीत असेल तर तो एकाच वेळी तीन कारणांनी पात्र आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी न्यायालये आहेत. अर्ज साध्या कागदावर करता येतो.

आणि मदतवाटपातील भेदभावाबद्दल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ स्पष्ट सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांनी भेद करता येणार नाही. कलम १२ ने मदत छावणीत निवारा, अन्न, पाणी, आरोग्यसेवा आणि स्वच्छता यांचे किमान मापदंड ठरवायला सांगितले आहे. आरोग्यसेवा म्हणजे केवळ जुलाबाच्या गोळ्या नव्हेत. मनाचे आरोग्य हेही आरोग्यच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो प्रत्येक नागरिकाचा हक्क मानला आहे आणि व्यसनातून येणारे मानसिक विकार त्याच कायद्याच्या व्याख्येत येतात.

आता आपल्या चळवळीकडे वळू. काही बांधव म्हणतील, आदिवासी बौद्ध नाहीत, त्यांचा प्रश्न आपण का घ्यावा? ज्या ओढ्याचे पाणी बौद्धवाड्यात शिरते तेच कातकरवाडीत शिरते आणि जी पुडी तिकडे येते ती इकडेही येते. दुसरे म्हणतील, असे लिहिल्याने आपल्याच वस्त्यांची बदनामी होते. बदनामी होईल या भीतीने आपण गप्प बसतो त्याचा फायदा फक्त पुडी विकणाऱ्याला होतो. तिसरे म्हणतील, पंचशील सांगितले की पुरे. पाचवे शील आम्ही रोज घेतो, ते प्राणपणाने पाळले पाहिजे यात वाद नाही. पण ज्याचे घर वाहून गेले आहे आणि जो तीन आठवडे झोपलेला नाही, त्याच्यापुढे केवळ शिलाचे प्रवचन केले तर तो विहाराकडे पाठ फिरवील. आधी त्याच्या डोक्यावर पत्रा, पोटात भात आणि हाताला हमीचे काम, मग शील त्याला स्वतःचे वाटते.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. पुराचे महिने तेच आणि बेकारीचे महिनेही तेच. या काळात गावोगावच्या विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात. एवढी मोठी, विनाखर्च चालणारी व्यवस्था शासनाकडेही नाही. या वर्षावासात वाचनानंतरचा अर्धा तास प्रत्येक विहाराने पूरग्रस्त कुटुंबांसाठी द्यावा. कोणाचा पंचनामा राहिला, कोणाची कागदपत्रे भिजली, कोणाला झोप येत नाही, कोणाचा मुलगा रात्री घरी येत नाही, हे ऐकावे आणि वहीत लिहावे. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहावेत. वाडीवरच्या आदिवासी बांधवांना बोलवावे, ते येत नसतील तर आपण जावे. मानसिक त्रासासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे शासनाचे मोफत दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

शासनाकडे मागण्या चारच आहेत, पण त्या लेखी आणि तालुकावार गेल्या पाहिजेत. एक, पुराच्या पंचनाम्याबरोबर प्रत्येक कुटुंबाची आरोग्य नोंद आशा कार्यकर्तीकडून व्हावी, तीत झोप, भीती आणि व्यसन यांची विचारणा असावी आणि ती नोंद पोलिसांकडे न जाता केवळ दवाखान्याकडे जावी. दोन, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जुलै ते ऑक्टोबर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसावा. ठाण्याच्या मनोरुग्णालयापर्यंत जायला मजुराचा एक दिवस आणि एक रोज जातो, म्हणून तो जात नाही. तीन, ज्याच्याकडे उतारा नाही त्याच्या घराचा पंचनामा ग्रामसभेच्या साक्षीवर व्हावा. चार, पुरानंतर पंधरा दिवसांच्या आत हमीचे काम सुरू व्हावे, म्हणजे मुकादमाच्या बयाण्याला नाही म्हणण्याची ताकद माणसात येईल.

पहिल्या मागणीतील शेवटची अट विसरू नका. व्यसनाची नोंद पोलिसांच्या हाती जाणार असेल तर कोणतीही आई खरे सांगणार नाही, आणि तिने खरे सांगितले नाही तर पुढच्या तिन्ही मागण्या कागदावरच राहतील.

पुढचा पाऊस येणारच आहे. तो येण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय विषयपत्रिकेवर घेण्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक यांना आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. कायदा आपल्या बाजूने लिहिला गेलेला आहे. तो ग्रामसभेच्या ठरावात उतरवणे आपल्या हातात आहे.

जयभीम!